दोन इंचांचा हिशेब



बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. शेवटी मुहूर्त लागला तो लेकीच्या गृहपाठामुळे. ज्यांची मुलं इथे जपानी शाळेत जातात त्यांना 'जियू केन्क्यू' हे प्रकरण माहीत असेलच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आवडीचा कुठलाही विषय घ्यायचा, त्यावर स्वतः काहीतरी करून बघायचं आणि सुट्टी संपली की मोठ्या कागदावर मांडून शाळेत न्यायचं. म्हणायला हा मुलांचा गृहपाठ. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो आईबापांचा होतो, हे वेगळं सांगायला नको.

आमची कन्या चौथीत. तिला प्रश्न पडला तो आंघोळीच्या वेळी. ओफुरोचं बूच काढलं की पाणी सुरुवातीला भराभर जातं आणि शेवटी रेंगाळतं, ते का? आणि बुचाचं भोक दुप्पट रुंद असतं तर टब अर्ध्या वेळात रिकामा झाला असता का?

मी लॅपटॉपमधून मान वर न काढता "हो" म्हणून मोकळा झालो.

पाच मिनिटांनी माझी मलाच लाज वाटली. माझी पदवी मेकॅनिकलची. नोकरी सॉफ्टवेअरची असली (आपल्यातल्या निम्म्या जणांची हीच कथा!) तरी फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर मी एकेकाळी बरे मार्क घेऊन सुटलो होतो. उत्तर चुकलं होतं. म्हटलं, आता करूनच बघू.

शंभर येनच्या दुकानातून ड्रिलची पातीं आणली, एक ३ मिलिमीटरचं आणि एक ६ चं. दोन लिटरच्या दोन सारख्या प्लास्टिकच्या बाटल्या घेतल्या, त्यांचे गळे कापले आणि तळाजवळ एकीला ३ चं, दुसरीला ६ चं भोक पाडलं. भोकापासून २० सेंटिमीटर वर एक रेघ, ५ सेंटिमीटरवर दुसरी, बरोबर मध्ये तिसरी. लेकीच्या हातात स्टॉपवॉच. बाथरूममध्ये पाणीच पाणी, बायकोचा चेहरा बघण्यासारखा.

६ मिलिमीटरच्या बाटलीला वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत यायला ५३ सेकंद लागले. ३ मिलिमीटरच्या बाटलीला लागली ३ मिनिटं २४ सेकंद. म्हणजे दुप्पट रुंद भोकाने काम अर्ध्या वेळात नाही, जवळजवळ पाव वेळात झालं.

लेक म्हणाली, "बाबा, नान्दे? फक्त तीनच मिलिमीटर तर जास्त आहे!"

कारण साधं आहे. पाणी जातं ते भोकाच्या रुंदीतून नव्हे, क्षेत्रफळातून. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं. तिला चौकटीच्या वहीत ३ चा चौरस आणि ६ चा चौरस काढून दाखवला. ९ घरं आणि ३६ घरं. पटलं.

दुसरा भाग रेंगाळण्याचा. ३ मिलिमीटरच्या बाटलीत वरची अर्धी उतरण १ मिनिट २६ सेकंदांत झाली, खालच्या अर्ध्या उतरणीला १ मिनिट ५८ सेकंद लागले. भोक तेच, पाणी तेवढंच, तरी वेळ वेगळा. कारण भोकातून पाणी किती जोराने बाहेर पडणार हे भोकाच्या डोक्यावर पाण्याची उंची किती आहे त्यावर ठरतं. इटलीच्या टॉरिचेल्लीने १६४४ साली हा नियम छापला. त्या उंचीवरून एखादा दगड सोडला तर खाली येईपर्यंत त्याला जेवढा वेग मिळेल, तेवढ्याच वेगाने पाणी बाहेर येतं. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे उंची चौपट झाली की वेग दुप्पट. (धार भोकाबाहेर पडताच आकसते, त्यामुळे धारदार कडेच्या भोकातून प्रत्यक्ष पाणी हिशेबाच्या ६० टक्क्यांच्या आसपासच येतं. पण दोन्ही भोकं सारख्या पद्धतीची असली की तुलना करताना ही घट दोन्हीकडे सारखीच.)

थोडक्यात, विसर्गावर दोन मालक. एक भोकाचं क्षेत्रफळ, दुसरी डोक्यावरच्या पाण्याची उंची. यातलं एक तुम्ही डोळ्यांनी बघता, तेही चुकीचं बघता. दुसरं बघतच नाही.

लेकीचा कागद रंगला. तिला शाबासकी मिळाली. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. तिचं ते "फक्त तीनच मिलिमीटर" डोक्यातून जाईना. हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, मीच बोललो होतो.

मंडळी, आमचं शेत नगर जिल्ह्यात, कालव्याच्या चारीच्या अगदी टेलला. टेल म्हणजे काय हे कालव्यावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आवर्तन सुटलं की वरचे भिजवून घेतात, उरलं तर खालच्यांना. आजोबा होते तोवर रान एक होतं. ते गेले आणि आप्पा (माझे वडील) आणि तात्या (माझे चुलते) यांच्यात निम्मी निम्मी वाटणी झाली. पोटचारीच्या टोकाला आजोबांनी दगडमातीत बांधलेला एक हौद होता. त्यातून दोन सिमेंटचे नळ निघायचे, दोन्ही चार इंची, दोन्ही एकाच पातळीला. एक आमच्या रानात, एक तात्यांच्या. आजोबा चौथी शिकलेले होते, पण वाटप चोख केलं होतं.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तात्यांचा नळ फुटला. ऐन हंगाम होता, चारीला पाणी होतं, तालुक्याच्या दुकानात चार इंची नळ शिल्लक नव्हता. त्यांनी सहा इंची आणला. जुना नळ काढताना खालची माती ढासळली होती, म्हणून नवा थोडा खालच्या अंगाला बसला. तात्यांच्या मनात काळंबेरं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण आप्पांनी दोन पाळ्या बघितल्या आणि तिसऱ्या पाळीला भांडण काढलं. त्यांचं म्हणणं, "रुपयातलं चार आणे बी पाणी आपल्याकडं येत नाय." तात्या म्हणाले, "दोन इंचाचं काय घेऊन बसलास?" आवाज चढले. दिवाळीला मी घरी गेलो तर वातावरण हे असं. आप्पांनी मला हौदावर नेलं, दोन्ही नळ दाखवले आणि विचारलं, "तू इंजिनेर होतुयास. सांग, किती फरक पडत असंल?"

आणि मी, ज्याच्या बॅगेत त्याच क्षणी फ्लुइड मेकॅनिक्सच्या नोट्स होत्या, तो म्हणालो, "आप्पा, दोन इंचांसाठी सख्ख्या भावाशी भांडता? लोक काय म्हणतील?"

आप्पा काही बोलले नाहीत. फावडं उचललं आणि दारं धरायला निघून गेले. पुढे नळ तसाच राहिला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यात समोरासमोर आले तर मान हलवायची, एवढंच. याला आता सोळा वर्षं होतील.

तर त्या रात्री, इथे कावासाकीत, मी उठून स्वयंपाकघरात बसलो आणि सोळा वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं ते उत्तर काढलं.

चार इंचाचा वर्ग १६, सहा इंचाचा ३६. म्हणजे तात्यांचा नळ 'दोन इंचांनी' नव्हे, सव्वादोन पटीने मोठा. आता उंची. हौद भरलेला असताना आमच्या नळाचा मध्य पाण्याखाली एक वीत होता, तात्यांचा दोन विती. दोनाचं वर्गमूळ १.४१. म्हणजे त्यांच्या नळातून पाणी जवळजवळ दीडपट वेगाने निघत होतं. सव्वादोन गुणिले १.४१, एकूण ३.१८. आमच्याकडे १ लिटर जाई तेव्हा त्यांच्याकडे ३.१८ लिटर. चार लिटर अठरा सेंटिलिटरमधलं आमचं एक लिटर. टक्केवारी काढली, २४.

आप्पा म्हणाले होते, चार आणेसुद्धा येत नाहीत.

त्यांच्याकडे वर्गमूळ नव्हतं. त्यांनी पाळीच्या तासांत किती सऱ्या भिजतात ते मोजलं होतं, एवढंच. आणि हा हिशेब हौद काठोकाठ असतानाचा. पाणी वीतभर उतरलं की आमच्या नळात निम्मी हवाच, तात्यांचा मात्र चालूच. टेलला हौद काठोकाठ किती वेळा भरत असेल, हे सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, गावाकडची रड इथे कशाला? त्याचं कारण असं की या रोगाचं औषध माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे आणि मी त्याच्या बाजूने कित्येकदा गेलो होतो. नाम्बू लाइनवर कुजी नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून दहा मिनिटं चाललं की चेरीच्या झाडांमध्ये एक मोठा गोल हौद दिसतो. मधोमध पाणी वर उमलतं आणि काठावरून चहूबाजूंनी सांडतं. मला वाटायचं, कारंजं असेल! त्याचं नाव 'एन्तो बुन्सुइ', म्हणजे गोल पाणीवाटप. पुढच्या रविवारी लेकीला घेऊन मुद्दाम गेलो आणि तिथला फलक तिच्याकडून वाचून घेतला. (माझी कांजी अजून बेतास बात आहे.)

गोष्ट जुनी आहे. तामा नदीचं पाणी या भागातल्या भातशेतीला देण्यासाठी कोइझुमी जिदायू या माणसाने एक कालवा काढला, 'निकार्यो योसुइ'. १५९७ साली मोजणी सुरू झाली, १६११ साली काम पुरं झालं. लांबी साधारण ३२ किलोमीटर. कुजीला या कालव्याचे चार फाटे होत. अठराव्या शतकात तिथे लाकडी खांब रोवून दारं केली आणि ज्याची जमीन जास्त त्याला रुंद दार, ज्याची कमी त्याला अरुंद, असं वाटप ठरवलं. ऐकायला अगदी न्याय्य. पण वाहत्या कालव्यात सगळीकडे वेग सारखा नसतो. मध्ये पाणी धावतं, काठाला रेंगाळतं, वळणावर एका अंगाला झुकतं. त्यामुळे दुप्पट रुंद दारातून दुप्पटच पाणी जाईल याचा भरवसा नाही. कागदावर वाटा एक, शेतात दुसरा.

मग जे आपल्याकडे होतं तेच इथेही झालं. १८२१ सालच्या उन्हाळ्यात पाऊस ओढला. वरच्या अंगाने कावासाकीकडे जाणारा फाटा अडवला. खालच्या गावांतले शेतकरी जमून मिझोनोकुचीवर चालून आले आणि तिथल्या गावप्रमुखाचं घर फोडलं. टेलवाल्यांचा राग, दुसरं काय! हे वाचून मला, खरं सांगतो, थोडं बरंच वाटलं. शिस्तीच्या या देशातही पाण्यावरून डोकी फिरतातच.

यावरचा तोडगा १९४१ साली आला. एइजी हिरागा नावाच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली हा गोल हौद बांधला गेला. कालव्याचं पाणी शेजारच्या हिरासे नदीच्या पात्राखालून सायफनने आणलंय आणि ते हौदाच्या मधोमध खालून वर येतं. आत ८ मीटर व्यासाचा गोल, बाहेर १६ मीटरचा. वर येता येता पाण्याचा धावण्याचा गुण निघून जातो. ते कुठल्याच बाजूला झुकत नाही, नुसतं भरतं आणि बाहेरच्या काठावरून सांडतं. काठ सगळीकडे एका पातळीत. त्यामुळे काठावरच्या पाण्याच्या चादरीची जाडीही सगळीकडे सारखी.

सगळी युक्ती इथे आहे. सांडव्यावरून किती पाणी जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं, काठाची लांबी आणि चादरीची जाडी. जाडी सगळ्यांना सारखी असली की ती हिशेबातून बादच होते. उरते फक्त लांबी. पाणी भरपूर असो वा जेमतेम, ज्याच्याकडे काठाचा दहावा भाग त्याच्याकडे पाण्याचा दहावा भाग. पाणी कमी झालं तर सगळ्यांचं एकाच प्रमाणात कमी. नळासारखं एकाचं आधी तुटणं नाही.

फलकावर चारही फाट्यांच्या काठाच्या लांब्या दिल्यात. कावासाकी ३८.४७१ मीटर, नेगाता ७.४१५, रोक्का २.७०२ आणि कुजी-फुताको १.६७५ मीटर. जमिनीच्या प्रमाणात ठरवलेल्या, मिलिमीटरपर्यंत. लेकीने मोबाइलवर बेरीज केली, ५०.२६३. मग १६ ला पायने गुणायला लावलं, ५०.२६५. दोन मिलिमीटरचा फरक. ती नाचायलाच लागली.

मी बराच वेळ त्या १.६७५ मीटरकडे बघत उभा होतो. एकूण पाण्याच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी. इतका छोटा वाटेकरी, पण त्याचा वाटा बाकीच्यांच्या इतक्याच काळजीने मोजलेला. आणि तपासायला अभियंता लागत नाही. ज्याला टेप धरता येते तो कुणीही शेतकरी येऊन आपला काठ मोजू शकतो. गोल भोकात हे नाही. भोक बघून वाटा कळत नाही. आमच्या घरात सोळा वर्षं हेच झालं. कुणीही खोटं बोलत नव्हतं, पण इंच सगळ्यांना दिसत होते आणि पाणी फक्त आप्पांना.

आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं असं मात्र समजू नका. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. तिथे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी फडावर नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचं. टंचाईच्या साली एखादा फडच पडीक ठेवायचा. जवळपास प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा असल्याने तोटा सगळ्यांना वाटून जायचा. म्हणजे भोक मोजण्याऐवजी टंचाईच वाटून घ्यायची. आणि विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्यात सहायक अभियंता म्हणून लागले तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांत पांझरेच्या एका पात्राखालून न्यायचा सायफनच होता. हिरासेखालून वर येणारं पाणी बघताना मला ते आठवलं.

त्याच संध्याकाळी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. गोल हौद दाखवला. मग जरा घसा खाकरून सगळा हिशेब सांगितला, १६ आणि ३६, एक वीत आणि दोन विती, २४ टक्के. "आप्पा, तुमचं बरोबर होतं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तवाच का नाय बोललास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. भांडण मिटावं म्हणून मी बोललो होतो आणि न मोजता बोललो होतो. मोजून बोललो असतो तर कदाचित एका नव्या नळाच्या खर्चात मिटलं असतं.

आता दोन्ही घरांत ठिबक आहे, दोघांची शेततळी आहेत. पण शेततळं भरायचं त्याच हौदातून, त्याच नळांनी. मी म्हटलं, नळच काढून टाकू. हौदाच्या एका अंगाला सपाट काठ धरायचा, मधोमध एक उभी भिंत, डावीकडे तीन फूट, उजवीकडे तीन फूट. चारीचं पाणी आत येताना एका बाजूला धावू नये म्हणून समोर एक आडवी भिंत, तिच्या खालून पाणी वर येऊ द्यायचं. बस्स. आप्पा म्हणाले, "चित्र काढून धाड. मला नगं, तात्याला धाड."

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या आणि दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. नमस्कार-चमत्कार नाही, इतक्या वर्षांचा विषय नाही. एवढंच विचारलं, "काठ एका लेव्हलात कसा धरायचा रं? सूत ठिवल्याला चालंल का?"

म्हटलं, तात्या, सूत नको, गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरून. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत आलं पाहिजे. केसभर फरकही चालणार नाही, कारण चादर पातळ असेल तेव्हा तोच फरक महाग पडतो.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

काम अजून झालेलं नाही. आप्पा आणि तात्या अजून एकमेकांशी बोलत नाहीत, दोघेही माझ्याशी बोलतात. सिमेंट कुणी आणायचं यावरून परत वाजेल, अशी धास्ती आहेच. पुढच्या आवर्तनाआधी झालं तर कळवीन.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : हौद बघायचा असेल तर निशी-कसाईकडच्या मंडळींनी तोझाई लाइनने ओतेमाची आणि तिथून हानझोमोन लाइनची देन-एन-तोशीकडे जाणारी गाडी धरून मिझोनोकुचीला उतरावं. तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत. चेरी फुलते तेव्हा फारच छान. आजूबाजूला आता भातशेती राहिलेली नाही, सगळी घरंच घरं. चार वाटे मात्र अजून काठावर तसेच आहेत. जाताना मुलांना घेऊन जा, आणि एक टेप.